पँडोराचा समुद्र नवा, भांडण जुनेच

११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि १६ तारखेला ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’ पडद्यावर आला. गोव्यातल्या चोपड्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या अवतारवेड्याच्या मनात या दोन तारखा कायमच्या एकमेकींना चिकटल्या आहेत. मोपाच्या सड्यावरची ५० हजारांहून अधिक झाडे, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोखून धरलेली आणि २०२० मध्ये पुन्हा मोकळी केलेली पर्यावरण मंजुरी, हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो होतो. त्याआधी २००९ मध्ये पहिला ‘अवतार’ आला, तेव्हा डिचोलीच्या खाणी जोरात होत्या आणि लाल धूळ उडवीत खनिजाचे ट्रक धावत होते. पँडोरा या परग्रहावरच्या लोकांचे वस्तीचे झाड, त्याच्या मुळाखाली सापडलेले मौल्यवान खनिज आणि ते उपसायला आलेली कंपनी. हे कथानक गोमंतकीय प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावे लागले नाही. पुढे २०१२ मध्ये आमच्या खाणी थांबल्या. त्यावर पोट असलेल्या घरांची ओढाताणही आम्ही पाहिली. ती बाजू मात्र कॅमेरॉनच्या चित्रपटात कधीच आली नाही.

म्हणूनच दुसऱ्या भागाकडून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या. १३ वर्षे वाट पाहायला लावणाऱ्या दिग्दर्शकाने नुसते देखावे आणू नयेत, एवढीच इच्छा होती.

देखावे तर त्याने आणलेच, आणि ते थोर आहेत. कलाकारांना प्रचंड टाकीत खरोखर पाण्याखाली उतरवून त्यांचा अभिनय टिपला आहे. केट विन्स्लेटने त्यासाठी सात मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखण्याचा सराव केला. त्याचे फळ पडद्यावर दिसते. पाण्यात शरीर हलके होते, केस मागे राहतात, हात वळवला की पाणी त्याला अडवते, हे सगळे खरे वाटते. नदीच्या तोंडाशी वाढलेल्या माणसाला खोटे पाणी लगेच ओळखू येते. इथे ते कुठेच सापडत नाही.

सबंध चित्रपटात मला सर्वांत जास्त हलवून गेला तो टुलकुनच्या शिकारीचा प्रसंग. टुलकुन म्हणजे देवमाशासारखा, गाणी रचणारा, माणसाहून शहाणा जीव. पिल्लू सोबत असल्याने मागे पडणारी मादी शिकारी हेरतात. तिच्या अंगात हवेचे फुगे असलेले भाले मारतात, म्हणजे तिला बुडी मारता येत नाही. ती दमली की तिला ठार करतात, मग जबड्यातून आत शिरून टाळूला भोक पाडतात आणि मेंदूजवळून पिवळसर द्रवाची एक कुपी भरून घेतात. माणसाचे म्हातारपण थांबवणारा द्रव. बाकी अख्खा देह टाकून देतात. हा प्रसंग कॅमेरॉन घाई न करता, कामाच्या पद्धतीसकट दाखवतो, आणि त्याचा राग खरा आहे हे जाणवते. शेजारच्या मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. घरट्यांभोवती जाळी लावून पहारा ठेवावा लागतो, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांनी पिल्ले समुद्राऐवजी भलतीकडे वळतात. तो सगळा खटाटोप पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग परग्रहावरचा वाटणे शक्य नाही.

मग बिनसते कुठे? भांडण जुनेच राहते तिथे. पहिल्या भागात मेलेला कर्नल क्वारिच आठवणींसकट नव्या देहात परत येतो, पुन्हा पाठलाग करतो, पुन्हा पोरे पकडतो. १९२ मिनिटांच्या चित्रपटात नायक जेकची मुले किती वेळा ओलीस धरली जातात, हे मोजायचा कंटाळा यावा. माझी तक्रार जास्त टोकदार आहे, कारण पुढचा भाग कसा करावा हे शिकवले तेच मुळी कॅमेरॉनने. ‘एलियन्स’मध्ये (१९८६) त्याने दुसऱ्या दिग्दर्शकाच्या भयपटाची युद्धकथा केली आणि तिच्या पोटात आईपणाची गोष्ट ठेवली. ‘टर्मिनेटर २’मध्ये (१९९१) आधीचा मारेकरीच रक्षक झाला, आणि यंत्र माणुसकी शिकू शकेल का, हा नवा प्रश्न उभा राहिला. दोन्हीकडे पहिल्या भागाची समजूत उलटी झाली होती.

आपल्याकडे शंकरच्या ‘२.०’ने (२०१८) हीच संधी घालवली. पाखरांसाठी तळमळणारा, मोबाइलच्या मनोऱ्यावर जीव देणारा पक्षिराजन हा विलक्षण खलनायक होता. त्याचे म्हणणे पटवून दिल्यावर चित्रपट त्याला राक्षस करून मोकळा झाला. याउलट व्हिलनव्हच्या ‘ड्यून: पार्ट टू’ने (२०२४) ज्याला तारणहार मानले त्याचीच भीती वाटायला लावली. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वाचलेल्या मराठी माणसाला ही भूक ओळखीची असते. यंत्रमानव स्वतःसारखे दुसरे घडवू लागला तर, असा एक ‘जर’ घ्यायचा आणि त्याला शेवटपर्यंत सोडायचे नाही.

तेच भांडण पुन्हा पाहायला आमची ना नाही. पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारात संकासुर दरवर्षी येतो. आख्यानही ठाऊक असते आणि कोण मरणार तेही. पण संवाद लिहिलेले नसतात. देव आणि असुर समोरासमोर उभे राहिले की कोणता मुद्दा निघेल, कोण कुणाला निरुत्तर करेल, हे त्या रात्रीच ठरते. क्वारिच आणि जेक तीन चित्रपटांत एकमेकांना असे कधी भिडत नाहीत. ते झुंजतात.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘फायर अँड अ‍ॅश’ने मला म्हणूनच आधी सुखावले आणि मग जास्त दुखावले. ज्वालामुखीने घर गिळल्यावर देवी एवावरचा विश्वास सोडलेली वरांग ही या मालिकेतली पहिली खरी विरोधक. निसर्गाने ज्यांना वाऱ्यावर सोडले त्यांनी निसर्गाची पूजा का करावी, हा तिचा प्रश्न बिनतोड आहे. दुसरीकडे माणसाचा मुलगा स्पायडर मुखवट्याशिवाय श्वास घेऊ लागतो. त्याच्या देहाचे रहस्य कंपनीला उमगले तर पँडोरा संपलाच. मग पोटच्यासारखा वाढवलेला हा पोर मारायचा का? जेक सुरी हाती घेतो त्या घडीला मालिका पहिल्यांदा धोक्याच्या जागी पाऊल टाकते. पण उत्तरार्धात वरांग क्वारिचच्या सावलीत जाते आणि शेवटी पुन्हा जहाजे, पुन्हा टुलकुन, पुन्हा तीच समुद्रातली लढाई. दुसऱ्या भागाचा शेवट पुन्हा पाहिल्यासारखे वाटले.

चौथ्या आणि पाचव्या भागासाठी २०२९ आणि २०३१ ही वर्षे जाहीर झाली आहेत. मी जाणार, पहिल्याच आठवड्यात. पण आता क्वारिच पुरे. वरांगला तिचा पुरता चित्रपट द्या. आणि पृथ्वीवरचा एखादा साधा कामगार दाखवा, पोटासाठी कंपनीत लागलेला, यंत्र चालवणारा, घरी पैसे पाठवणारा. डिचोलीत असे कितीतरी जण भेटतील. कंपनी वाईट आहे हे त्यालाही ठाऊक असते. तो जेकसमोर उभा राहून काय बोलेल, ते मला ऐकायचे आहे.