‘कमी करणे’ या अर्थाची इंग्रजी क्रियापदे : अर्थच्छटांची चिकित्सा

रिड्यूस, कर्टेल, ट्रंकेट, प्रून, अब्रिज, रिट्रेंच ही इंग्रजी क्रियापदे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासमोर बहुधा एकाच वेशात उभी राहतात. परीक्षोपयोगी शब्दसूचीत या साऱ्यांपुढे ‘कमी करणे’ असा एकच अर्थ दिलेला असतो आणि विद्यार्थी तो मुखोद्गत करतो. पीटर मार्क रॉजेट यांनी १८५२ मध्ये आपला थिसॉरस प्रसिद्ध केला तेव्हा एका कल्पनेभोवतीचे शब्द एकत्र आणले. त्यांच्या व्याख्या मात्र दिल्या नाहीत. शब्द आधीच जाणणाऱ्याला नेमका शब्द आठवावा, एवढाच त्या ग्रंथाचा हेतू होता. शब्दसूचीने रॉजेटचा शेजार घेतला आणि त्याचे गृहीतक सोडून दिले. शेजारी बसलेल्या शब्दांना तिने समानार्थी ठरविले. हे समानार्थकत्व तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या क्रियापदांमधील भेद किती कापले या परिमाणाचा नाही. कापल्यानंतर जे उरते त्याची अवस्था काय आणि कापलेला भाग कोणाच्या दृष्टीने अनावश्यक होता, या दोन प्रश्नांवर तो उभा आहे.

सर्वांत सामान्य मानल्या गेलेल्या ‘रिड्यूस’पासूनच अडचण सुरू होते. लॅटिनमधील मूळ धातूचा अर्थ ‘मागे नेणे, परत आणणे’ असा आहे. शल्यचिकित्सक मोडलेले हाड ‘रिड्यूस’ करतो तेव्हा तो ते कमी करीत नाही, मूळ जागी आणतो. गणितात ६/८ या अपूर्णांकाचे ३/४ होते. इंग्रजीत यालाही ‘रिड्यूस’ म्हणतात, परंतु किंमत तिळमात्र घटत नाही. मराठी पाठ्यपुस्तकांनी येथे ‘संक्षिप्त रूप’ हा शब्द योजून मोठीच सूक्ष्मता दाखविली आहे. रसायनशास्त्रातील ‘रिडक्शन’साठी मात्र ‘क्षपण’ ही संज्ञा रूढ झाली, आणि तिच्यात परत आणण्याची मूळ कल्पना उरली नाही. एकाच इंग्रजी शब्दाला मराठीने दोन विद्याशाखांत दोन भिन्न न्याय दिले आहेत.

‘कर्टेल’ आणि ‘ट्रंकेट’ ही जोडी वरवर जुळी भासते. कर्टेल हा शब्द शेपूट छाटलेल्या घोड्याच्या जुन्या नावावरून आला. त्यात आखूडपणाची फ्रेंच कल्पना आहे आणि शेवटचे अक्षर इंग्रजीतील शेपटीच्या शब्दाकडे झुकून बदललेले आहे. भाषण, दौरा, अधिवेशन, अधिकार ‘कर्टेल’ होतात, म्हणजे जे पुढे चालायचे होते ते आधीच तोडले जाते. तोडणारा हात त्यात दिसतो. ‘ट्रंकेट’च्या मुळाशी झाडाचा बुंधा आहे. ३.७८९ ही संख्या दोन दशांश स्थळांवर ट्रंकेट केली की ३.७८ उरते, निकटतम किंमत घेतली असती तर ३.७९ आली असती. तोडलेल्या अंकाकडे पाहण्याचीसुद्धा तसदी ट्रंकेट घेत नाही. शेंडा गेलेल्या झाडाला मराठीत ‘भुंडे’ म्हणतात, तो शब्द या क्रियापदाच्या फार जवळचा आहे.

‘प्रून’विषयी महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराला कोशाची गरज नाही. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी यांपैकी एकही वेल कमी करण्यासाठी नसते. तेथे छाटणे ही पिकाची पूर्वअट आहे. म्हणूनच अंदाजपत्रक ‘प्रून’ केले असे एखादे शासन म्हणते, तेव्हा पुढच्या बहराचे आश्वासनही त्या शब्दात गुपचूप दिलेले असते. बहर आला की नाही हे सहसा कोणी तपासत नाही.

खरी कसोटी लागते ती ‘अब्रिज’पाशी. संक्षेपात ग्रंथाचे सार टिकते, असा या शब्दाचा दावा आहे. १८०७ मध्ये शेक्सपिअरची दोन सुटसुटीत रूपे प्रकाशित झाली. चार्ल्स व मेरी लॅम या भावंडांनी नाटकांच्या कथा केल्या, तर ‘फॅमिली शेक्सपिअर’ने कुटुंबात वाचण्यास अयोग्य वाटलेला मजकूर गाळला. दुसऱ्या प्रकाराला पुढे संपादकाच्या आडनावावरून स्वतंत्र क्रियापदच मिळाले, ‘बाउडलराइझ’. गंमत अशी की पहिल्या आवृत्तीचे काम हेन्रिएटा बाउडलर यांचे होते आणि ती निनावी निघाली. पुढे नाव लागले ते बंधू थॉमस यांचे. लॅम यांच्या पुस्तकावरही प्रारंभी केवळ चार्ल्स यांचेच नाव होते. काटछाटीच्या या दोन्ही ग्रंथांतून बहिणींची नावेही छाटली गेली होती.

हाच ‘अब्रिज’ राज्यघटनेत येतो तेव्हा प्रश्न साहित्याचा राहत नाही. १७९१ मध्ये स्वीकृत झालेल्या अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्य अब्रिज करणारा कायदा करण्यास मनाई केली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १३(२) मध्ये मूलभूत हक्क ‘टेक अवे’ किंवा ‘अब्रिज’ करणारा कायदा राज्यसंस्थेने करू नये, असे म्हटले आहे. दोन क्रियापदे शेजारी ठेवली गेली, कारण हिरावणे आणि आकुंचित करणे या भिन्न कृती आहेत, आणि दोन्ही निषिद्ध होत्या. १९६७ च्या गोलकनाथ निकालाने हा निषेध घटनादुरुस्तीलाही लागू केला. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सरन्यायाधीश सिक्री यांनी मात्र या जोडीची फारकत केली. त्यांच्या मते संसदेला मूलभूत हक्क नष्ट करता येणार नाहीत, परंतु लोकहितार्थ त्यांचा वाजवी संक्षेप करता येईल. एका पारड्यात ‘अब्रोगेट’ आणि दुसऱ्यात ‘अब्रिज’, असा तो युक्तिवाद होता.

येथे चिकित्सेला जागा आहे. ‘अब्रिज’ या शब्दात उरलेली वस्तू मूळचीच आहे असे गृहीत धरलेले असते. संक्षिप्त कादंबरीविषयी हे गृहीतक निरुपद्रवी आहे. हक्काविषयी तेच वादाचे मूळ ठरते. हक्क कापणारा आपल्या कृतीला संक्षेपच म्हणणार आणि ज्याचा हक्क कापला गेला त्याला ती भुंडी फांदी दिसणार. मराठीत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा ‘संकोच’ हा प्रयोग रूढ आहे. बोलीत संकोच म्हणजे भिडस्तपणा, त्यामुळे नवा वाचक क्षणभर अडखळतो. तरीही हा पर्याय सरस आहे. संकोचात सार टिकल्याची हमी नाही, केवळ आक्रसल्याची नोंद आहे.

‘रिट्रेंच’चा प्रवास याहून बोलका आहे. मुळात कापून टाकणे असा अर्थ असलेला हा फ्रेंच शब्द इंग्रजीत राज्याच्या खर्चाला लागला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लिबरल पक्षाच्या घोषणेत शांतता आणि सुधारणा यांच्या मधोमध रिट्रेंचमेंट उभी होती, तेव्हा तो सद्गुण होता. भारतातही १९२२-२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखालील समिती याच नावाने नेमली गेली आणि तिने लष्करी खर्चासह सरकारी खर्चात घट सुचविली. तीस वर्षांनी, १९५३ मध्ये, औद्योगिक विवाद कायद्यात या शब्दाची व्याख्या समाविष्ट झाली तेव्हा क्रियापदाचे कर्म बदललेले होते. खर्चाच्या जागी कामगार आला होता. रिट्रेंचमेंट म्हणजे अतिरिक्त कामगारांनाच काढणे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने पन्नाशीच्या दशकात लावला. १९७६ मध्ये एका तात्पुरत्या रोखपालाच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी व्याख्येतील ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांवर बोट ठेवून ती व्यापक केली, आणि १९९० मध्ये घटनापीठाने हा व्यापक अर्थ मान्य केला. एका महिन्याची सूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन कोणाला मिळणार, हे त्या अर्थनिश्चितीवर अवलंबून होते. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातही हा शब्द टिकून आहे.

अमेरिकेत ‘डाउनसाइझ’ने हीच वाट अधिक वेगाने चालली. १९७० च्या दशकात तो शब्द मोटारगाड्या आकाराने लहान करण्याविषयी होता, पुढच्या दशकात तो माणसांकडे वळला.

मराठीने रिट्रेंचमेंटसाठी ‘कामगार कपात’ हा शब्द स्वीकारला. पाणीकपात, वीजकपात, वेतनकपात यांच्या रांगेत तो सहज बसतो आणि तेथेच फसवतो. दहा टक्के पाणीकपातीत प्रत्येक घरी नव्वद टक्के पाणी येते. दहा टक्के कामगार कपातीत नव्वद जण पूर्ण राहतात आणि दहा जणांकडे काहीच उरत नाही. व्यवस्थापनाच्या कागदावर ती घट असते, त्या दहा जणांच्या घरी ती घट नसते. कारखान्याच्या दारातील बोली मराठीने हे आडपडदा न ठेवता टिपले आहे. तेथे कामगारांची संख्या कमी केली असे कोणी म्हणत नाही. ‘त्याला कामावरून कमी केले’ असे म्हणतात. शब्दसूचीने ज्या सपाट क्रियापदात सहा इंग्रजी शब्द कोंबले, त्याच क्रियापदाचे कर्म येथे एक अखंड माणूस आहे. हा प्रयोग मात्र त्या शब्दसूचीत आढळत नाही.