साधा प्रोटोकॉल, पण कुणासाठी साधा?

संशोधनासाठी वाचायला लागलात की एक युक्तिवाद वारंवार भेटेल: प्रोटोकॉल सोपा आहे, म्हणून चांगला आहे. तिथे थांबा आणि विचारा, सोपा कुणासाठी?

शोधसेवांचंच बघा. ग्रंथालयांचा झेड ३९.५० हा वेबच्या आधीचा, १९८८चा. त्यात आधी सत्र उघडायचं, ते चालू ठेवायचं, संदेश बायनरीत पाठवायचे. ताकद भरपूर, पण वेबवाल्यांना तो परकाच. मग एसआरयू आला: तशीच विचारणा यूआरएलमध्ये, उत्तर एक्सएमएलमध्ये. २००५मध्ये अ‍ॅमेझॉनच्या ए९ने ओपनसर्च आणून आणखी काटछाट केली. सेवेने यूआरएलचा साचा द्यायचा, मोकळ्या जागी आपण शोधशब्द भरायचे. बस्स! ब्राउझरांनी ते लगेच उचललं.

आता काय कापलं ते पाहू. ‘तुकाराम’ असा शोध घ्या. तुकारामांनी रचलेलं हवंय की तुकारामांवर लिहिलेलं? एसआरयूच्या सीक्यूएल भाषेत लेखक आणि विषय वेगळे सांगता येतात. ओपनसर्चचा मूळ साचा फक्त शब्द पोचवतो. अर्थ लावणं सेवेच्या मर्जीवर. दहा सेवांवर एकदम शोध घेणारा प्रोग्राम लिहायचा, तर दहा तऱ्हा तुम्हीच सांभाळायच्या. गुंतागुंत संपली नाही, तिने फक्त घर बदललं. पुढे उपग्रहांच्या माहितीसाठी ओपनसर्चला स्थळ-काळाची पुरवणी जोडावी लागली, ती यामुळेच.

म्हणून एसआरयू जिंकला असंही नाही. सीक्यूएल कितीही समृद्ध असली, तरी प्रत्येक सर्व्हर ती पूर्ण पाळतोच असं नाही. कोण काय पाळतं हे आधी विचारून घ्यावं लागतं. पण तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: पायऱ्या. शून्याव्या पातळीवर सर्व्हरला नुसता एक शब्द समजला तरी चालतं. पुढच्या पातळ्या ज्याला जमतील त्याने चढाव्यात. इथे साधेपणा ही पहिली पायरी आहे. ओपनसर्चच्या मूळ साच्यात तोच छत होऊन बसतो.

तेव्हा तुलनेचं प्रकरण लिहिताना पॅरामीटर मोजत बसू नका. दोन रकाने आखा: प्रोटोकॉलमधून काय काढलं, आणि ते काम आता कोण करतं. दुसरा रकाना कोरा राहिला, तरच काटछाट खरी.