आजोळचा उन्हाळा आणि रीतिभूतकाळ

मराठी ललित गद्यात आणि आत्मपर लेखनात उन्हाळ्याच्या सुट्टीतील गावाचे वर्णन इतके विपुल आहे की त्याला एक स्वतंत्र उपप्रकार मानावयास हरकत नसावी. वार्षिक परीक्षेचा निकाल, वळकटी आणि ट्रंक, एस.टी.चा किंवा बोटीचा प्रवास, वेशीवर घ्यायला आलेली बैलगाडी, आजोबांचे ओटीवरचे आसन, आंब्याची अढी, विहिरीवरचे डुंबणे, अंगणातील वाळवणे, रात्रीचे चांदणे आणि भुतांच्या गोष्टी हे या उपप्रकाराचे ठरलेले घटक होत. समीक्षेने मात्र त्याची दखल दोनच प्रकारे घेतली. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चळवळींशी जवळीक असणाऱ्या समीक्षकांनी त्याला पांढरपेशी स्मरणरंजन म्हणून निकालात काढले. रसिक समीक्षकांनी त्यातील निर्व्याजपणाचे कौतुक केले. पहिली भूमिका त्यातील आनंद खोटा मानते, दुसरी तो निर्हेतुक मानते. हा आनंद भाषेच्या कोणत्या व्यवस्थेतून निर्माण होतो, हा प्रश्न दोन्हींकडून राहून गेला.

ही व्यवस्था प्रथम क्रियापदाच्या काळात दिसते. मराठी व्याकरणकार ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात त्या काळात हे लेखन जवळजवळ अखंडपणे चालते. आजी दही घुसळी, मामा झाडावर चढे, दुपारी सारे घर माजघरात पडे, संध्याकाळी आम्ही नदीवर जात असू, अशा धाटणीच्या वाक्यांनी परिच्छेद भरतात. या काळाचे वैशिष्ट्य असे, की तो घटना सांगत नाही, परिपाठ सांगतो. दहा उन्हाळ्यांची त्यात एकच वीण होते. कोणत्या वर्षी विहीर आटली, कोणत्या वर्षी आजोबा अंथरुणाला खिळले, कोणत्या वर्षी दोन भावांत वाटण्या झाल्या आणि कोणत्या वर्षी मावशी आलीच नाही, हे सांगावयाचे तर साधा भूतकाळ वापरावा लागतो. आणि तो आला की त्या एकसंध उन्हाळ्याला तडा जातो. म्हणून असे प्रसंग लेखाच्या अगदी शेवटी, 'आता ते घर राहिले नाही' या एका वाक्यात उरकले जातात. या काळाच्या इतिहासातही एक सूचक गोष्ट आहे. 'करी', 'जाई', 'बसे' ही रूपे जुन्या मराठीत वर्तमानकाळाची होती. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला हे सांगावयास नको. आधुनिक मराठीत ती भूतकाळातील सवय दर्शवू लागली. एके काळच्या वर्तमानाचे हे रूप स्मरणरंजनाला इतके मानवावे, हा निव्वळ योगायोग असेल. पण त्या रूपातील तात्कालिकतेचा भास वाचकाला अजून जाणवतो, हे खरे.

जेरार जेनेत याने १९७२ मधील आपल्या कथनमीमांसेत अनेकदा घडलेले एकदाच सांगणाऱ्या निवेदनाची, म्हणजे आवर्ती निवेदनाची, संकल्पना मांडली, तेव्हा त्याच्यासमोर मुख्यतः प्रूस्तच्या कादंबरीतील कॉम्ब्रेचा भाग होता. शहरातील कुटुंब सुट्टीसाठी गावच्या नातेवाइकांकडे येते, ही त्या भागाची चौकट आजोळच्या लेखनाला अगदी जवळची आहे. परंतु प्रूस्तच्या आवर्ती निवेदनात श्रमाची बाजू अधूनमधून अचानक उघडी पडते. एका उन्हाळ्यात घरात सतत ॲस्परॅगस शिजत असे. त्याच्या वासाने हाताखालच्या मोलकरणीला दमा उसळे आणि तिने काम सोडून जावे अशी स्वयंपाकीण फ्रांस्वाझची इच्छा होती, हे निवेदकाला पुष्कळ वर्षांनी कळते. जिभेवरच्या त्याच सुखाला स्वयंपाकघरातील क्रौर्याची दुसरी बाजू मिळते आणि सुख नाहीसे न होताही त्याचा अर्थ पालटतो. मराठीतील आजोळच्या लेखनात असे 'पुष्कळ वर्षांनी कळले' क्वचितच येते. निवेदक मोठा झालेला असतो, त्याचे गद्य प्रौढ असते, पण त्याचे ज्ञान नऊ-दहा वर्षांच्या मुलाइतकेच राखलेले असते. या संयमाचे श्रेय बालमनाच्या निरागसतेला देण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो प्रौढ लेखकाने केलेला निवडीचा व्यापार आहे.

काळाइतकेच महत्त्व प्रयोगाला आहे. मराठीत अकर्मक आणि प्रयोजक धातूंच्या जोड्या विपुल आहेत: पेटणे-पेटवणे, तापणे-तापवणे, वाळणे-वाळवणे. आजोळच्या गद्याची ओढ यांतील पहिल्या धातूकडे असते. पहाटे चूल पेटे, बंबात पाणी तापे, अढी लागे, पंगत बसे, अंगणात वाळवणे पडत. वस्तू आपल्या आपण घडत राहतात. पण 'वाळवण' हा शब्दच या वाक्यरचनेविरुद्ध साक्ष देतो, कारण तो प्रयोजक धातूपासून आला आहे. जे वाळते ते नव्हे, जे वाळवले जाते ते. कुरडई घेतली तर गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो गाळून निवू द्यायचा, वरचे पाणी ओतून पहाटे मोठ्या पातेल्यात गाठी न होऊ देता हाटायचा, गरम असतानाच सोऱ्यात भरून उन्हे तापण्याच्या आत घालून संपवायचा आणि मग दिवसभर कावळ्यांवर नि आभाळावर लक्ष ठेवायचे. पापडांचे पीठ कुटणे हा तर अंगमेहनतीचाच प्रकार. कोकणात याच दिवसांत रातांबे फोडून त्यांच्या साली त्यांच्याच रसात पुनःपुन्हा बुडवून आमसुले केली जातात, फणसपोळी आणि आंब्याची साठे घातली जातात. ललित लेखात या साऱ्यातून उरते ते मुलांनी पळवलेल्या लाट्या आणि वाटीभर गरम चीक. लाटीची चव खरीच अपूर्व असते; आक्षेप तिच्यावर नाही. आगोटीपूर्वीची ही बेगमी पावसाळ्याच्या चार महिन्यांचे अन्न असते आणि सुट्टीच्या लेखनात ती मुलांच्या करमणुकीचा प्रकार होऊन बसते, याकडे लक्ष वेधावयाचे आहे.

या घरात सर्वांत अधिक काम करणारी आणि साहित्यात सर्वांत कमी आलेली व्यक्ती म्हणजे मामी. मुलांचे आजोळ ते आईचे माहेर आणि मामीचे सासर. नणंदा मुलाबाळांसह महिना-दीड महिना राहायला येतात तेव्हा तिला स्वतःच्या माहेरी जाता येत नाही. त्यांच्या विसाव्याची किंमत तिच्या उन्हाळ्यातून फिटते. ग. दि. माडगूळकरांच्या 'झुकझुक अगीनगाडी' या गीताने मामाच्या गावाची जी प्रतिमा मराठी मनात कायमची रुजवली तिच्यातही मामीचा परिचय तिच्या स्वयंपाकातूनच होतो. (त्या प्रतिमेतील आगगाडी कोकणच्या वाट्याला फार उशिरा आली. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. तोवर बोट, एस.टी. आणि पायवाट हीच वाहने होती, आणि पावसाळ्यात बोटी बंद राहत.) बालगीताला यासाठी जाब विचारणे हास्यास्पद ठरेल. प्रौढांसाठी लिहिलेल्या गद्याने मात्र बालगीताच्या पलीकडे का जाऊ नये, हा प्रश्न उरतो.

तो प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण मराठीच्याच मौखिक परंपरेने ही कोंडी फार पूर्वी ओळखली होती. जात्यावरच्या ओव्यांत माहेर हा मध्यवर्ती विषय आहे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', सरोजिनी बाबर यांनी संपादिलेले लोकसाहित्य आणि गी प्वातवें व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या यांतून त्याचा विस्तार दिसतो. तेथे मुराळी होऊन येणारा भाऊ आहे, त्याची वाट पाहणे आहे, आणि त्याच्या घरात आता भावजयीची सत्ता आहे याची बोचही आहे. भावजय तेथे मूक सुगरण नाही. तिच्याशी रुसवे आहेत, हिशेब आहेत, मनधरणी आहे. ओवी गाणारी स्त्री स्वतःही कोणाची तरी भावजय असते, त्यामुळे एकाच जात्यावर दोन्ही बाजू बोलल्या जातात. मुलाच्या गद्यातील मामी, आईच्या ओवीतील भावजय आणि स्वतःच्या ओवीतील सासुरवाशीण ही एकच बाई तीन वाङ्मयप्रकारांत विभागली गेली आहे. छापील ललित गद्याने यांतील पहिलेच रूप उचलले.

येथे आणखी एक भेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते. ओवीतील माहेरची वाट मुख्यतः सणाशी बांधलेली आहे; पंचमी आणि दिवाळी हे तिचे टप्पे. उन्हाळ्याची सुट्टी ही शाळा आणि कचेरी यांनी निर्माण केलेली कालगणना आहे. गावाच्या दिनदर्शिकेत चैत्र-वैशाखात जत्रा आहेत, लगीनसराई आहे, देशावर नांगरट आणि ढेकळे फोडणे आहे, कोकणात भाजावळ आहे, आणि जवळजवळ सर्वत्र पाण्यासाठीची पायपीट आहे, सुट्टी नाही. रेमंड विल्यम्सने १९७३ मधील आपल्या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील 'हरवलेल्या खेड्या'चा शोध सरकत्या जिन्यासारखा पिढीमागून पिढी मागे मागे जातो असे दाखवून दिले. मराठीत या जिन्याला ऋतूचीही अट आहे. हरवलेले गाव नेहमी मे महिन्यातलेच असते. सदानंद देशमुखांच्या २००२ मधील कादंबरीचे 'बारोमास' हे नाव या दृष्टीने बोलके आहे. शेतकऱ्याच्या घरातील वर्षाचे बाराही महिने तेथे कथनात येतात, आणि त्यात उन्हाळा हा पुढच्या पेरणीच्या पैशांच्या विवंचनेचा काळ असतो.

खाण्याच्या वस्तूंतही दर्जाची उतरंड आहे. हापूस पेटीत बसून मुंबईच्या बाजाराला जाई आणि घरच्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः रायवळ येत, ही गोष्ट अनेक लेखांत गमतीने येते. तिच्यातील अर्थकारण मात्र गमतीचे नाही. करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणांतून दारी येत. ती आणणारी बहुधा कातकरीण किंवा ठाकरीण असे. लेखात ती 'करवंदेवाली' म्हणून एका वाक्यात येते आणि जाते. तिने ती कोणत्या रानातून, किती पहाटे तोडली, मोबदल्यात पैसे मिळाले की शिळे अन्न, हे कळत नाही. मामीला निदान नाते आहे. हिला तेही नाही.

त्याच वैशाखात, त्याच उन्हात, गावकुसाबाहेर वेगळे वाळवण पडत होते. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या चान्या दोरीवर वाळत घालून पावसाळ्यासाठी राखून ठेवण्याची रीत दलित आत्मकथनांनी मराठी साहित्यात आणली, आणि शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील महार-मांग खाद्यसंस्कृतीच्या संदर्भात तिची तपशीलवार नोंद केली. पापड आणि चानी यांच्यामागचे प्रयोजन एकच, बेगमीचे. एकाचे वर्णन मराठी गद्यात 'छोटे सुख' झाले आणि दुसऱ्याला छापील पानावर येण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबई आणि गाव यांच्यातील येरझारा आहेत, बालपणाची ओढही आहे. परंतु दगडू पवारने दया पवारला आपली कहाणी सांगावी, ही त्या पुस्तकाची चौकट स्मरणाला सुखाने स्थिरावू देत नाही. आठवणारा आणि ऐकणारा एकमेकांकडे संशयाने पाहत राहतात. आजोळच्या लेखनात या दोघांत असे अंतर पडत नाही.

याचा अर्थ पांढरपेशा आत्मपर लेखनाला दुसरी वाट नव्हतीच, असा नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वडिलांचे सोवळे हा घरातील रोजचा परिपाठ होता. पण लक्ष्मीबाई तो प्रसंगांतून, माणसांच्या बोलण्यातून आणि स्वतःच्या मिस्किलपणातून सांगतात, त्यामुळे त्याचा जाच आणि हास्यास्पदपणा दोन्ही हाताला लागतात. 'श्यामची आई'वर भाबडेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी तेथील एक गोष्ट पाहावयास हवी. श्याम पत्रावळ लावायला शिकतो. ती कशी लागते हे त्याला स्वतःला कळावे लागते. आणि घरी कांडपाला येणाऱ्या बाईला तेथे नाव आहे, मथुरी, आणि तिच्या आजारपणाची एक संपूर्ण रात्र आहे. सुट्टीतील गावाचे स्मरणरंजन साने गुरुजींच्या नावाने खपवले जाते, परंतु त्यांच्या पालगडमध्ये मूल पाहुणे नाही. पाहुणेपण हाच दोहोंतील खरा भेद होय.

हे पाहुणेपण आता विकतही मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि त्या व्यवसायाच्या जाहिरातींत हुरडा, बैलगाडी, चुलीवरची भाकरी, विहिरीवरचे पोहणे हे घटक जवळजवळ ललित लेखांच्याच क्रमाने येतात. 'मामाचा गाव' ही आता एक पाटी आहे. ज्यांना हे साहित्याचे अवमूल्यन वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की या व्यवहारात भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या दिवसाचा निदान दर ठरवावा लागतो. तो पुरेसा असतो की नाही, हा निराळा प्रश्न आहे.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) रत्नागिरी परिसरातील हेच कोकण आहे, तोच समुद्र, तेच चढउतार. पण तेथील बायका डोक्यावर ओझी घेऊन बाजाराच्या वाटेने चालत असतात, आणि लेखिकेची आई बांबूची आयदाने विणत असते. आईची वीण आणि आपल्या लेखनाची वीण यांचे नाते लेखिकेने स्वतःच सांगितले आहे. 'विणणे' या धातूला 'वाळणे-वाळवणे'सारखी अकर्मक जोडी मराठीत नाही. विणले म्हटले की विणणारीही आलीच. सणांची, खाण्यापिण्याची, बायकांच्या आपसांतील थट्टेची वर्णने त्या पुस्तकातही आहेत आणि ती रसरशीत आहेत. सुखांचा त्याग करून हे लेखन झालेले नाही. फक्त ती सुखे कोणाच्या हातून आली हे तेथे वाक्यातच दिसते.