वाटीचें माप

पाकशास्त्रावरील पुस्तकांचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत सहसा येत नाहीं, आणि तें येऊं नये असें मलाही परवांपरवांपर्यंत वाटत होतें. कविता, कादंबरी, नाटक, फार झालें तर प्रवासवर्णन, इथवर टीकाकाराची हद्द. भाजीला फोडणी कशी द्यावी हें सांगणारा ग्रंथ त्या हद्दीबाहेरचा, अशी आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींची एक सोयीस्कर समजूत असते. ही समजूत यंदाच्या आषाढांत मोडली, आणि ती मोडण्यास कारण झालें तें आमच्या घरांतील एक मोडलेलें मनगट.

पावसानें निसरड्या झालेल्या अंगणांत पत्नीचा पाय घसरला, उजव्या हातास सहा आठवड्यांचें प्लास्टर बसलें, आणि तीस वर्षांच्या संसारांत स्वयंपाकघराचा कारभार प्रथमच माझ्याकडे आला. दापोड्यांत बाहेरचें जेवण मिळत नाहीं असें नाहीं. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां गोदामांच्या रांगा उभ्या आहेत, आणि नाशिकच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांसाठीं खानावळींना तोटा नाहीं. परंतु तें अन्न रोज पोटासही मानवेना आणि खिशासही परवडेना. पावसाळ्यांत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून ताजी मासळी महाग. शिवाय ती साफ करण्याचें धैर्य माझ्या अंगीं नव्हतें. तेव्हां स्वस्त, सोपें आणि बहुतेक शाकाहारी असें कांहीं घरींच करून पाहावयाचें ठरलें, आणि कपाटाच्या माथ्यावरून कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ खालीं आलें.

‘रुचिरा’ १९७० सालीं किर्लोस्करांनीं प्रसिद्ध केलें. महाराष्ट्रांत लग्न झालेल्या मुलीच्या हातीं तें देण्याचा पुढें प्रघातच पडला. आमच्याकडील प्रतही तशीच आलेली. मात्र मीं तें उघडून पाहिलें तें या वर्षीं, आणि तेंही वाचण्यासाठीं नव्हे, जेवण्यासाठीं. पुस्तकाची इतकी निष्ठुर कसोटी मीं पूर्वीं कधींही घेतली नव्हती. कादंबरी फसली तर आपण ती मिटून ठेवतों. आमटी फसली तर ती ताटांत असते.

या पुस्तकाचा पहिला गुण असा कीं, वाचणारास कांहीं येत नाहीं असें तें गृहीत धरतें. ही गोष्ट लहान नाहीं. मराठींत छापील पाकग्रंथांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालीं. परंतु त्या काळीं स्वयंपाकाची खरी शाळा म्हणजे आईची किंवा सासूची चूल. पुस्तक ही त्या शाळेची पुरवणी. जिनें दहा वर्षें चुलीपाशीं काढलीं तिला पुस्तकानें फक्त नवा पदार्थ सांगावयाचा. आंच, पाणी, मीठ यांचें ज्ञान तिच्या हातांत असावयाचेंच. १९७० पर्यंत हें सारें पालटलें होतें. नोकरीनिमित्त मुंबईस वा पुण्यास दोन खोल्यांचें बिऱ्हाड करणाऱ्या मुलीच्या पाठीशीं ना आई होती ना सासू. तिला विचारावयास कोणी नव्हतें. कमलाबाईंनीं लिहिलें तें तिच्यासाठीं, आणि नकळत माझ्यासाठींही.

तिच्या हातीं त्यांनीं माप दिलें, आणि तें माप म्हणजे वाटी व चमचा. १९५६ चा वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धत आली आणि त्यानंतरच्या पांच-सहा वर्षांत शेर, पावशेर, तोळे बाजारांतून उठले. एक तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमांहून किंचित् अधिक, हा हिशेब डोक्यांत घेऊन भाजी कोण करणार? घरोघर तराजू नसतो. वाटी मात्र असते. आतां, वाटी हें माप प्रमाणभूत नाहीं, असा आक्षेप माझ्यांतील प्राध्यापकानें पहिल्याच दिवशीं घेतला. आमच्या मांडणीवर चार आकारांच्या वाट्या निघाल्या. (मीं त्या पाणी भरून मोजल्या हें कबूल करतों, मोठींत लहानीच्या जवळजवळ दुप्पट पाणी मावलें.) पुस्तक वाटीचें आकारमान सांगत नसून पदार्थांचें एकमेकांशीं असलेलें प्रमाण सांगत आहे, हें ध्यानीं येण्यास मला दोन दिवस लागले. तांदुळाच्या वाटीस पाण्याच्या दोन वाट्या म्हटलें कीं वाटी राजाची असो वा रंकाची, भात तोच. एकच वाटी शेवटपर्यंत हातांत ठेवा, एवढीच अट.

इंग्रजी पाकग्रंथांचा इतिहास येथें आठवतो. एलायझा ॲक्टन या बाईंनीं १८४५ सालीं कृतीच्या शेवटीं लागणाऱ्या जिनसांची प्रमाणासह यादी देण्यास आरंभ केला. १८६१ च्या मिसेस बीटनच्या जाड ग्रंथांत यादी, वेळ आणि अंदाजे खर्च हीं सर्व आलीं, जरी त्यांतील पुष्कळ कृति दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेल्या होत्या. अमेरिकेंत फॅनी फार्मर यांनीं १८९६ सालीं पेला आणि चमचा सपाट भरून मोजण्याचा दंडक घातला. परंतु फार्मरबाईंच्या पद्धतीला कारखान्यांत तयार झालेला ठराविक पेला लागतो. वाटीला कांहींच लागत नाहीं. माझ्या मतें एवढ्याच एका विचारासाठीं ‘रुचिरा’स आपल्या गद्यवाङ्मयांत जागा द्यावयास हरकत नसावी, कारण ज्ञान एका हातांतून दुसऱ्या हातांत न जातां कागदावरून कसें जावें, हा प्रश्न तेथें सोडविलेला आहे, आणि पांडित्याचा आव न आणतां सोडविलेला आहे.

मात्र प्रमाणाची ही युक्ति मिठापाशीं येऊन थांबते. आपल्या पाकग्रंथांत ‘चवीनुसार’ म्हणून एक शब्द आहे. नवशिक्यास फसविणारा याहून सभ्य शब्द मराठींत दुसरा नसेल. माझी पहिली आमटी तोंडांत धरवेना. पत्नीनें डाव्या हातानें चमचा उचलला, चव घेतली आणि विचारलें, “अहो, मीठ किती घातलंत?”

“चवीनुसार.”

“कोणाच्या?”

या प्रश्नास उत्तर नव्हतें. ज्याला स्वयंपाक येतो त्याचीच चव मीठ पडण्यापूर्वीं मीठ ओळखते. ज्याला येत नाहीं त्याला ती आमटी उकळल्यावर कळते, आणि तेव्हां वेळ टळलेली असते. याच्या उलट दुसरा दोष नव्या पुस्तकांत फार दिसतो. कांदा सात मिनिटें परता, असें तीं छातीठोक सांगतात. कोणत्या आंचेवर? जाड बुडाच्या कढईंत कीं पातळ? मिनिटें मोजण्यासारखीं नसतात तेथें मिनिटें, आणि चमचा मोजतां येतो तेथें चवीनुसार, हा उफराटा न्याय आहे. जुन्या वळणाच्या लेखिका अशा जागीं घड्याळ देत नाहींत, खूण देतात: वास सुटेपर्यंत, कडेनें तेल सुटेपर्यंत, बोटाला चिकटेनासें होईपर्यंत. या खुणा मला आरंभीं ढिसाळ वाटल्या. पिठलें दोनदां करून पाहिल्यावर त्याच शास्त्रशुद्ध वाटूं लागल्या. कारण गॅस असो, स्टोव्ह असो वा चूल असो, बेसनाचा कच्चा वास गेला म्हणजे गेला.

अशी सर्वांत उत्तम खूण मला पुस्तकांत मिळाली नाहीं, शेजारीं मिळाली. पहिल्या पावसांत आमच्याकडे शेवळें येतात. ही रानभाजी खाजरी; नुसती शिजविली तर घसा धरते, म्हणून तिच्यांत काकडें नांवाचीं आंबट फळें घालतात. शेजारच्या आगरी बाईंनीं शेवळांची जुडी आणि ओंजळभर काकडें आणून दिलीं. काकडें किती घालावयाचीं, असें मीं अर्थातच विचारलें, आणि हातांत पेन्सिल घेऊन विचारलें. घसा खाजणार नाहीं इतकीं, असें म्हणून त्या हंसत निघून गेल्या. मीं भीतीनें सगळीं घातलीं. भाजी आंबट झाली खरी, पण घसा शाबूत राहिला. ही कृति वाटीच्या भाषेंत लिहावयाची कशी, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. अजून साधलेलें नाहीं.

‘स्वस्त’ या शब्दाकडे वळतों, कारण अशा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आतां तो शब्द वारंवार दिसतो. आमच्या आळींत एक खोली घेऊन चार मुलें राहतात. गोदामांत पाळीनें काम करतात; खोलींत एक कुकर, एक तवा, एक कढई. माझे प्रयोग त्यांच्या कानीं गेले आणि त्यांनीं दोन-तीन कृति उतरवून मागितल्या. पिठलें त्यांना साधलें. मुगाची खिचडी साधली. मटकीची उसळ मात्र त्यांनीं सोडून दिली. मटकी स्वस्त होती. महाग होता तो गोडा मसाला. ज्या घरांत वर्षाचा मसाला बरणींत भरून ठेवलेला असतो त्या घरीं दोन चमचे मसाला फुकट असतो. त्या मुलांना तो वाण्याकडून चिमुकल्या पुडींत घ्यावा लागतो, आणि पुडीचा दर किलोवर काढून पाहिला तर डोळे पांढरे होतात. तीच गोष्ट खोबऱ्याची, तिळाची, आमसुलाची. म्हणजे पुस्तक ज्याला स्वस्त म्हणतें तें भरलेल्या मांडणीच्या घरीं स्वस्त असतें. गरिबासाठीं लिहावयाचें तर अकरा जिनसांची यादी चारांवर आणतां आली पाहिजे, आणि त्या चारांतही पदार्थ उभा राहिला पाहिजे. पिठल्याची थोरवी यांत आहे.

सरकारासही ती थोरवी ठाऊक होती. १९९५ सालीं राज्यांत एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना निघाली. ती टिकली नाहीं. पुष्कळ केंद्रांवर पुढें वडापाव आणि चहा विकला जाऊं लागला. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली तेव्हां तींत भाकरी नव्हती, चपाती होती. झुणका स्वस्त करतां येतो. पण त्या भावांत रोज शेंकडों भाकऱ्या थापावयास कोण बसणार?

त्या न बसलेल्या माणसाची आठवण मला आणखी एकदां झाली, आणि ती आमच्याच ओट्यापाशीं. ठाणें-रायगडांत भात कापून झाल्यावर खाचरांतील उरल्या ओलीवर वाल पेरतात. कडव्या वालांच्या डाळिंब्या हा या भागांतला अगदीं घरगुती पदार्थ. वाल स्वस्त. मसाला जुजबी. कृति वाचली तर सोपी: रात्रीं भिजत घाला, फडक्यांत बांधून मोड आणा, कोमट पाण्यांत टाकून सोला, फोडणीस टाका. यांतील ‘सोला’ या एका क्रियापदास मला एक तास दहा मिनिटें लागलीं. दोन वाट्या वाल होते. दाणा मोडूं न देतां साल काढावयाचें, आणि मोडही तुटूं द्यावयाचा नाहीं. पाठ भरून आली, बोटांचीं टोकें सुरकुतलीं, आणि मीं आंत ओरडून म्हणालों कीं, हा पदार्थ पुस्तकानें सोप्यांत घालावयास नको होता.

“सोपाच आहे की,” ती खाटेवरून म्हणाली. “तीस वर्षं करते आहे. कधी म्हणाले का अवघड आहे म्हणून?”

तिच्या आवाजांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें. मला उत्तर देतां आलें असतें. सकाळीं कॉलेजास निघतांना, आज डाळिंब्या कर, असें चपलांत पाय घालतां घालतां मीं किती वेळां म्हणालों असेन याचा हिशेब मी उरलेल्या दाण्यांबरोबर करीत बसलों.

तेव्हां माझा मुख्य आक्षेप तो हा, आणि तो एकट्या ‘रुचिरा’वर नाहीं. या सर्व ग्रंथांत, जुन्या काय आणि नव्या काय, जिनसांची यादी जितकी काटेकोर असते तितका श्रमांचा हिशेब काटेकोर नसतो. मिसेस बीटननें पदार्थाचा खर्च पेन्सांत मांडला. परंतु तो खर्च जिनसांचा, तिच्या वाचक मालकिणींच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या मोलकरणीचा रोज त्यांत नाहीं. आमच्याकडे तर रोज द्यावयाचा प्रश्नच कधीं उद्भवला नाहीं. पदार्थ सोपा आहे असें लिहिणें म्हणजे तो कोणाला तरी सोपा आहे असें लिहिणें, आणि त्या ‘कोणाला तरी’चें नांव पुस्तकांत कोठेंच नसतें. कमलाबाईंना हें ठाऊक नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. ज्या बाईंनीं स्वयंपाकघरांत जन्म घालविला त्यांना वाल सोलावयास किती वेळ लागतो हें मी सांगावें, असें नव्हे. पण वाल सोलण्याचा वेळ लिहावा असें त्यांच्या पिढीला वाटलें नाहीं, आणि आमच्या पिढीनें विचारलें नाहीं.

प्लास्टर निघून आतां महिना होऊन गेला. मनगट अजून पूर्ण वळत नाहीं, म्हणून भाकऱ्या माझ्याकडेच आहेत; त्यांच्या आकाराविषयीं येथें लिहीत नाहीं. पुस्तक पुन्हा कपाटावर गेलें नाहीं, ओट्याजवळच असतें. करून पाहिलेल्या प्रत्येक पदार्थासमोर मीं समासांत पेन्सिलीनें वेळ लिहून ठेवला आहे: पिठलें, वीस मिनिटें, खिचडी, पाऊण तास, डाळिंब्या, भिजण्याचा आणि मोड येण्याचा वेळ सोडून, दोन तास. परवां दुपारीं तिनें चष्मा लावून तीं पानें चाळलीं, आणि पेन्सिल मागून घेतली. डाळिंब्यांच्या ‘दोन तास’पुढें आतां तिच्या अजून थरथरणाऱ्या अक्षरांत लिहिलें आहे: ‘भांडीं धरलेलीं नाहींत.’