‘असे आढळून आले’ : पण कोणाला?

प्रबंध, शोधनिबंध आणि अहवाल यांच्या मराठीत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : ‘असे आढळून आले.’ ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये संगणक-साक्षरता कमी असल्याचे आढळून आले. मातांमध्ये आरोग्यविषयक जाणीव अपुरी असल्याचे आढळून आले. वास्तविक ‘आढळणे’ हे क्रियापद ज्याला काही आढळते त्याच्यासाठी वाक्यात जागा ठेवते : मला आढळले, तिला आढळले. संशोधनाच्या भाषेने ही जागा रिकामी ठेवण्याची रीत पाडली. संशोधकाने स्वतःला बाजूला ठेवावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे एक प्रश्न विचारायचा राहून जातो. जे आढळले ते नेमके कोणाला आढळले, आणि ज्यांच्याविषयी आढळले त्यांना ते तपासता येते का?

हा प्रश्न आज विचारण्याला कारण आहे. २०१० च्या विनियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या बढतीला संशोधनाचे गुणांक जोडले. त्यानंतर ‘बहुविद्याशाखीय’ म्हणवणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. एकाच अंकात शिक्षण, संगणक-कौशल्ये आणि सार्वजनिक आरोग्य यांवरचे निबंध शेजारी शेजारी बसू लागले. त्यांचा साचा ठरलेला असतो : शंभर जणांचा नमुना, पाच पर्यायांची प्रश्नावली, शून्य परिकल्पना, काय-वर्ग कसोटी, आणि शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’ अशी शिफारस. बनावट नियतकालिके चाळून काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली एक यादी सुरू केली आणि २०२५ मध्ये ती बंदही केली. या निबंधांची थट्टा करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दिवसाचे तास घेऊन, परीक्षेचे गठ्ठे तपासून, वर बढतीसाठी लिहिणाऱ्या अध्यापकाने हा साचा घडवलेला नाही. म्हणून त्या साच्यावर लिहिण्याऐवजी याच तीन क्षेत्रांतली, जगभर गाजलेली तीन संशोधने ‘कोणाला आढळले’ हा प्रश्न मनात ठेवून वाचून पाहू.

* * *

पहिले तंत्रज्ञानाचे. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीतल्या कालकाजी भागात, एक कार्यालय आणि शेजारची झोपडवस्ती यांच्यामधल्या भिंतीत सुगत मित्र यांनी संगणक बसवला. शिकवणारा कोणी नव्हता. मुले आपली आपण तो चालवायला शिकली, अशी ही ‘भिंतीतल्या भोकाची’ कथा. ती इतकी पसरली की विकास स्वरूप यांनी आपल्या कादंबरीची प्रेरणा म्हणून तिचा उल्लेख केला, आणि २०१३ मध्ये मित्र यांना दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले.

या प्रयोगावर मित्र आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लिहिलेला निबंध वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. मुलांचे संगणक-ज्ञान तिथे मुख्यतः पडद्यावरची चिन्हे ओळखण्याच्या चाचणीने मोजले आहे. कोणते चिन्ह कशासाठी, हे मुलांना महिन्यागणिक अधिक कळत गेले. हे खरेच आहे आणि छोटेही नाही. पण चिन्ह ओळखणे म्हणजे संगणक येणे, आणि संगणक येणे म्हणजे शिक्षण, या दोन उड्या निबंधापेक्षा व्यासपीठावर जास्त मारल्या गेल्या.

कालकाजीला जाऊन आलेल्या मार्क वॉर्शॉअर यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात वेगळे चित्र नोंदवले : इंटरनेट बहुधा बंद, हिंदीत मजकूर नाही, मुलांचा बराच वेळ खेळण्यात आणि चित्रे रंगवण्यात जातो, आणि आईवडिलांच्या मनात शंका आहेत. २०१० मध्ये पायल अरोरा यांनी उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि हवालबाग इथल्या केंद्रांचे काय झाले याचा शोध घेतला, तेव्हा तिथे केंद्रे चालू नव्हती आणि गावाच्या आठवणीतही ती फारशी उरली नव्हती. अरोरा यांचा निबंध ज्या ब्रिटिश नियतकालिकात आला, त्याच नियतकालिकात त्याच वर्षी मित्र यांचा तमिळनाडूतल्या प्रयोगाविषयीचा निबंधही आला. दोन्ही ठिकाणी ‘आढळले’ आहे. फरक इतकाच की एकाला प्रयोग चालू असताना आढळले आणि दुसरीला तो आवरल्यावर. वस्तीतल्या आईवडिलांना काय आढळले हे विचारायला मात्र बाहेरचाच अभ्यासक यावा लागला.

* * *

दुसरे शिक्षणाचे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणी हाती घेतली. तिचे साधन एका कागदावर मावते : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. स्थानिक महाविद्यालयातले किंवा संस्थेतले तरुण गावात जातात, वीस घरे निवडतात आणि मुलाला घरातच वाचायला सांगतात. मूल अडखळते तेव्हा ते आईला ऐकू येते. स्वतःला वाचता न येणाऱ्या आईलाही ते कळते. प्रश्नावलीतल्या ‘पूर्णतः सहमत’ या चौकटीपेक्षा ही चाचणी कितीतरी उघडी आहे.

२०२४ च्या पाहणीत ६०५ जिल्ह्यांतल्या सुमारे साडेसहा लाख मुलांपर्यंत हे तरुण पोचले. तिसरीतल्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ होते आणि महासाथीनंतर २०२२ मध्ये २०.५ पर्यंत घसरले होते. म्हणजे घसरण भरून निघाली, पण आपण जिथे होतो तिथेच परत आलो.

याच पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींचे मोबाइल-कौशल्यही तपासले आहे. गजर लावणे, माहिती शोधणे, चित्रफीत शोधून पाठवणे अशी साधी कामे. ती सांगण्याआधी मुलाला घरातला स्मार्टफोन घेऊन यायला सांगतात. तो आणू शकलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ७० टक्के आणि मुलींचे सुमारे ६२ टक्के. कौशल्य मोजण्याआधीच, फोन कोणाच्या हाती आहे हे इथे मोजले गेले. भिंतीतल्या संगणकाच्या कथेत राहून गेलेला प्रश्न या एका सूचनेत आला आहे.

तरीही ‘असर’वर आक्षेप घ्यायला जागा आहे. मोठ्याने वाचता येणे हा शिक्षणाचा तळ आहे, छत नव्हे. वाचलेले समजणे, लिहिणे, प्रश्न विचारणे या मोजमापात जवळजवळ येत नाही; आणि जे मोजले जाते तेच शाळा घोटून घेतात, ही भीती अनाठायी नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आईला अंगणात जे कळले त्याचे पुढे तिने काय करायचे? आकडा दिल्लीला जातो, मथळा होतो, वादही होतो. पण त्या घरातल्या मुलाला वाचायला कोण शिकवणार, याचे उत्तर पाहणीच्या आवाक्याबाहेरच राहते.

* * *

तिसरे आरोग्याचे, आणि ते आपल्या गडचिरोलीतले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे दिसले, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. कुटुंबनियोजनापलीकडे स्त्रीच्या शरीराचा विचारच न करणाऱ्या धोरणाला हा मोठा धक्का होता. पण त्या स्त्रियांना यात नवीन काय होते? दुखणे त्यांचेच होते. नवे होते ते एवढेच की कोणीतरी विचारले. पुढे राणी बंग यांच्या ‘कानोसा’त ग्रामीण स्त्रियांचे बोलणे मराठीत पुस्तकरूपाने आले, हे मला त्या ९२ टक्क्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

न्यूमोनियाच्या कामातले एक साधन मुद्दाम सांगायला हवे. बाळाचे श्वास जलद चालले आहेत का, हे मोजून न्यूमोनिया ओळखता येतो. पण गावातल्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असे साधन केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो तर बाळ आजारी. ‘आढळून आले’ या वाक्यातली रिकामी जागा इथे सुईण भरते. तिला आढळते, आणि आढळल्याबरोबर औषध सुरू होते.

१९९९ मध्ये अभय बंग आणि सहकाऱ्यांनी घरोघरच्या नवजात-सेवेचा निबंध ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध केला. ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, आणि जंतुसंसर्ग झाल्यास घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायलाही शिकवले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रयोगाच्या गावांत नवजात-मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के होती.

इथेही प्रश्न विचारलेच पाहिजेत. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. आणि तुलनेच्या ४७ गावांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात सलतो. पहिल्या शंकेचे उत्तर इतरांनी दिले. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये यादृच्छिक पद्धतीने गट पाडून केलेल्या प्रयोगात घरभेटींच्या गटात ३४ टक्के घट दिसली आणि ती २००८ साली प्रसिद्ध झाली. आकडा लहान झाला, पण दिशा तीच राहिली. २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ सेविकांमार्फत घरोघरच्या नवजात-सेवेचा कार्यक्रम देशभर आणला. दुसऱ्या प्रश्नाला, तुलनेतल्या बाळांच्या प्रश्नाला, इतके सरळ उत्तर नाही. तो संशोधनाच्या पद्धतीतच आहे आणि कोणताही आकडा तो मिटवत नाही.

गडचिरोलीचे आणखी एक काम इथे आठवते. २००१ साली महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी नोंदीत दिसतात त्याहून प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यात मांडले होते. अहवाल मराठीत होता. तो जिल्ह्याच्या वार्ताहराला, आमदाराला आणि गावच्या शिक्षकालाही वाचता आला. शासनाला समिती नेमावी लागली, त्यात या भाषेचाही वाटा होता असे मला वाटते.

* * *

तिन्ही संशोधने शेजारी ठेवली की पद्धतीच्या काटेकोरपणाइतकीच दुसरी एक कसोटी दिसू लागते. भिंतीतल्या संगणकाच्या प्रयोगात वस्तीने पाहायचे आणि संशोधकाने सांगायचे, अशी वाटणी होती. ‘असर’मध्ये मोजणी अंगणात आली, पण उपाय आला नाही. गडचिरोलीत मोजणारी आणि उपाय करणारी बाई एकच होती, म्हणून तिथला आकडा गावाचाही झाला.

हे सगळ्यांना जमणार नाही, हे उघड आहे. महाविद्यालयातल्या अध्यापकाकडे ३९ गावे नसतात. पण ज्या शंभर विद्यार्थ्यांकडून किंवा मातांकडून त्याने प्रश्नावली भरून घेतली, त्यांच्यासमोर निष्कर्षाचे एक पान मराठीत वाचून दाखवणे त्याला जमू शकते. ‘तुमच्यात आरोग्यविषयक जाणीव अपुरी आहे’ हे वाक्य ज्या बाईविषयी लिहिले तिच्यासमोर मोठ्याने वाचून पाहावे. बहुधा ती विचारेल की उपकेंद्रावर नर्सबाई कोणत्या वारी येतात हे प्रश्नावलीत का नव्हते. मार्गदर्शकांनी हे एक वाचन प्रबंध सादर करण्याची अट केले, आणि त्या वेळी उठलेल्या हरकती शेवटच्या प्रकरणात जशाच्या तशा छापायला लावल्या, तर निदान त्या प्रकरणात तरी कोणाला काय आढळले ते वाचकाला कळेल.