शब्दाची सेवा : संत ऑगस्टिनच्या वक्तृत्वविचाराची एक बाजू

धर्मप्रवचनाचा विचार आपल्या समीक्षेत बहुधा ‘प्रचारकी वाङ्मय’ या एका शब्दापाशी संपतो. ज्या शब्दाला पूर्वनिश्चित हेतू असतो तो कलेच्या प्रांतात दुय्यम, ही धारणा त्यामागे असते. ख्रिस्ती परंपरा मात्र या हेतूला ‘सेवा’ म्हणते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचे अन्न वाढण्यासाठी आणि वचनाच्या कार्यासाठी मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द येतो : दियाकोनिया. कामांची तेथे विभागणी होते, पण शब्द तोच राहतो. तेव्हा बोलणे हे वाढण्यासारखेच कर्म मानले, तर त्याच्या मूल्यमापनाचा निकष कोणता, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत येतो. त्याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर ऑगस्टिनने (३५४–४३०) दिले आहे.

ऑगस्टिन हा मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. ३८६ मध्ये त्याने ते पद सोडले. ‘कन्फेशन्स’मध्ये आपल्या त्या व्यवसायाकडे तो शब्दांची विक्री म्हणून पाहतो. परंतु विक्री सोडली तरी विद्या सुटली नाही. बिशप झाल्यावर, ३९६च्या सुमारास सुरू करून जवळजवळ तीस वर्षांनी पूर्ण केलेल्या ‘दे दोक्त्रिना ख्रिस्तियाना’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्याने या विद्येची फेरमांडणी केली.

शिकवणे, रंजवणे आणि मन वळवणे ही वक्त्याची तीन कार्ये तो सिसेरोकडून जशीच्या तशी घेतो. साधी, मध्यम आणि उदात्त या तीन शैलीही घेतो. फरक पडतो तो शैली ठरवण्याच्या तत्त्वात. सिसेरोच्या मते विषय लहान असेल तर शैली साधी, मोठा असेल तर उदात्त. ऑगस्टिन म्हणतो की, माणसाच्या तारणाशी जोडलेला कोणताच विषय लहान नसतो. किरकोळ रकमेच्या व्यवहारातही न्यायाचा प्रश्न असतोच. मग शैली विषयाच्या आकारावरून ठरवता येत नाही. समोरच्याला या क्षणी कशाची गरज आहे, यावरून ती ठरते. शैलीचे गमक विषयाकडून श्रोत्याकडे सरकणे, हे या विचारातील खरे स्थित्यंतर आहे.

त्याचे उदाहरण त्याने व्याकरणातूनच दिले आहे. लॅटिनमध्ये ‘ओस’ या शब्दाचा अर्थ स्वर ऱ्हस्व असता ‘हाड’ आणि दीर्घ असता ‘मुख’ असा होतो. आफ्रिकेतील श्रोत्यांच्या कानाला हा भेद कळत नसे. तेव्हा उपदेशकाने शुद्ध ‘ओस’ सोडून हाडासाठी ‘ओस्सुम’ हे अशिष्ट रूप खुशाल वापरावे, असे तो सांगतो. वक्तृत्वाच्या माजी अध्यापकाने शुद्धतेचा आग्रह असा सोडावा, यात त्या विद्येचा अनादर नाही. ती कोणाच्या कामी यावी, याचा हा निर्णय आहे.

नवख्यांना धर्मशिक्षण देण्याविषयी ४००च्या सुमारास लिहिलेल्या छोट्या ग्रंथात हीच दृष्टी अधिक घरगुती रूपात दिसते. कार्थेजच्या एका डीकनने आपलेच बोलणे आपल्याला नीरस वाटते अशी तक्रार केली होती. उत्तरात ऑगस्टिन श्रोत्याच्या जांभईची दखल घेतो. उभे राहून थकलेल्या माणसाला बसायला द्यावे. आरंभापासूनच बसवावे हे अधिक बरे, असे सांगतो. वक्तृत्वविचारात आसनाला स्थान मिळते ते असे. श्रोता येथे केवळ मन नाही, त्याला दुखणारे पायही आहेत.

परिणामाचा निकषही त्यानुसार बदलतो. मॉरेतानियातील सीझरिया या नगरात गावकरी ठरावीक काळी दोन तट करून एकमेकांवर दगडफेक करीत आणि त्यात आप्तांचाही जीव घेत. त्याविरुद्ध ऑगस्टिन बोलला. लोकांनी वाहवा केली, तेव्हा काही साधले असे त्याला वाटले नाही. त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले तेव्हा वाटले. तरी अखेरचा पुरावा म्हणून तो अश्रूही पुढे करत नाही. त्यानंतर आठ किंवा अधिक वर्षे तसा प्रकार घडला नाही, एवढेच नोंदवतो.

इथपर्यंतची मांडणी मोहक आहे, आणि म्हणूनच तिची दुसरी बाजू टाळता येत नाही. हाच ऑगस्टिन पुढे दोनातुस पंथीयांविरुद्ध राजसत्तेच्या सक्तीचे समर्थन करतो. ४०८च्या सुमाराच्या एका पत्रात ते स्पष्ट येते. त्यासाठी त्याने आधार घेतला तो मेजवानीच्या दाखल्याचा : लोकांना आत येण्यास भाग पाड. वाढणाराच पाहुण्याला ओढून पानावर बसवू लागला, तर त्या कर्माला सेवा म्हणावे काय? जांभईची दखल घेण्याला अर्थ आहे तो श्रोता उठून जाऊ शकतो म्हणूनच.

हा प्रश्न मराठीलाही परका नाही. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले आणि चर्चमधून मोठ्याने वाचले गेले. शुद्ध मराठी सामान्यांना कळत नाही, म्हणून ब्राह्मणांच्या बोलीतील शब्द ठिकठिकाणी मिसळून कवित्व सोपे केले, असे तो प्रस्तावनेत सांगतो. ऑगस्टिनच्या ‘ओस्सुम’चाच हा न्याय. परंतु ज्या श्रोत्यांसाठी हे पुराण रचले, त्यांची जुनी पुराणे पोर्तुगीज सत्तेखाली त्यांच्यापासून तोडली गेली होती. पूर्वीसारखे एखादे पुराण हवे, ही त्यांची मागणी काव्यातच नमूद आहे. या भाषेतील जिव्हाळा खरा आहे आणि त्याआधीची हिरावणूकही खरी आहे. एकाने दुसरे पुसले जात नाही.

म्हणून ‘प्रचारकी’ हे विशेषण सरसकट लावून भागणार नाही, आणि ‘सेवा’ हा शब्द वक्त्याच्या तोंडून आला म्हणून स्वीकारताही येणार नाही. अशा वाङ्मयाला समीक्षेने दोन प्रश्न विचारावेत : वक्त्याने श्रोत्यासाठी स्वतःच्या भाषेतले काय सोडले? आणि ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मुभा होती काय? पहिल्याचे उत्तर संहितेत सापडते. दुसऱ्यासाठी संहितेबाहेर जावे लागते, आणि तसे जाणे हे समीक्षेचेच काम आहे. हजेरीच्या नियमाने बांधलेल्या विद्यार्थ्यांपुढे प्रमाण मराठीत तास घेणाऱ्या आम्हा अध्यापकांना तर हे दोन्ही प्रश्न स्वतःलाही विचारावे लागतील.