लोकप्रतिनिधीचे प्रगतिपुस्तक : मतदान, सभागृहातील कार्य आणि घोषित हितसंबंध – एक चिकित्सा

प्रास्ताविक :

संसदीय लोकशाहीत मतदार पाच वर्षांतून एकदा मत देतो. त्याने निवडून दिलेला प्रतिनिधी मात्र त्या पाच वर्षांत वारंवार त्याच्या वतीने मत देत असतो. या दुसऱ्या मताचा हिशेब मतदारापर्यंत पोहोचतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गेल्या दोन दशकांत लोकप्रतिनिधींच्या कामगिरीचे मूल्यमापन करण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुजली. २००५ मध्ये स्थापन झालेल्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींत खासदाराची उपस्थिती, त्याने विचारलेले प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि खासगी विधेयके यांची संख्या दिलेली असते. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदारांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करते. निवडणूक जवळ आली की वृत्तपत्रे असेच आकडे छापतात आणि अधिक प्रश्न विचारणारा सदस्य अधिक कार्यक्षम ठरतो. या संस्थांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जे उपलब्ध आहे तेच मोजता येते. परंतु जे मोजले गेले तेच महत्त्वाचे, असा समज त्यातून दृढ होतो. तो समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

प्रश्नसंख्येची मर्यादा :

स्वतंत्र भारताच्या संसदेतील गैरवर्तनाचे पहिले गाजलेले प्रकरण मुंबईशी निगडित आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशन या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून आर्थिक लाभ घेतल्याचा आरोप झाला. टी. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. या लाभांच्या बदल्यात मुद्गल यांनी काय केले होते? सभागृहात प्रश्न विचारले होते, वायदे व्यवहारांच्या नियमनासंबंधीच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचविल्या होत्या आणि मंत्र्यांच्या भेटी जुळवून दिल्या होत्या. पंडित नेहरूंनी त्यांच्या हकालपट्टीचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबर १९५१ मध्ये त्या प्रस्तावावर निर्णय होण्यापूर्वीच मुद्गल यांनी राजीनामा दिला. तरीही ते हकालपट्टीस पात्र होते, एवढेच नव्हे तर त्यांच्या राजीनाम्याच्या पत्रातील भाषेने सभागृहाचा अवमान झाला, असे सभागृहाने ठरावाने नोंदविले.

आजच्या प्रगतिपुस्तकाचे निकष लावले तर प्रश्न आणि दुरुस्त्या या दोन्ही रकान्यांत मुद्गल यांना गुणच मिळाले असते.

हे केवळ तर्कापुरते नाही. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या चित्रीकरणातून ११ खासदार पैसे घेऊन प्रश्न विचारण्यास तयार झाल्याचे उघड झाले. त्यांतील १० लोकसभेचे व एक राज्यसभेचा होता. जळगाव व एरंडोल हे महाराष्ट्रातील दोन मतदारसंघही त्यांत होते. ज्या संस्थेच्या नावाने प्रश्न मागविले गेले ती संस्थाच काल्पनिक होती. २३ डिसेंबर २००५ रोजी या सर्वांचे सदस्यत्व रद्द झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये ती कारवाई वैध ठरविली. प्रश्न हे संसदीय दक्षतेचे साधन आहे, तसेच ती विकता येणारी वस्तूही आहे. प्रश्न कोणासाठी विचारला, हे संख्या सांगत नाही.

मताची नोंद :

प्रश्नापेक्षा मत अधिक निर्णायक असते आणि नेमके तेथेच नोंदपुस्तक कोरे राहते. आपल्या सभागृहांत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. मतविभागणी झाली नाही तर कोणत्या सदस्याने कोणता कौल दिला याची नोंद होत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी महाराष्ट्र विधानसभेत देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या मंत्रिमंडळावरील विश्वासदर्शक ठराव अध्यक्षांनी आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले. २८८ सदस्यांच्या सभागृहात भारतीय जनता पक्षाचे १२२ सदस्य निवडून आले होते, शिवसेना त्या वेळी विरोधात होती आणि ४१ जागा मिळविलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला होता. सरकार तरले ते या पक्षाच्या भूमिकेवर. पण त्याच्या एकाही आमदाराने त्या दिवशी काय केले हे अधिकृत नोंदीवरून सांगता येत नाही. शिवसेना व काँग्रेस यांनी मतविभागणीच्या प्रश्नावरून केलेला आक्षेप म्हणूनच केवळ तांत्रिक नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती रद्द करणारे विधेयकही चर्चेविना त्याच मार्गाने गेले.

याउलट घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत लागत असल्याने तेथे मोजणी अटळ ठरते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. विरोधातील दोघे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील होते. त्यांची भूमिका पटो वा न पटो, त्यांच्या मतदारांना जाब विचारण्यासाठी एक निश्चित मत हाती होते.

अर्थात, मत नोंदले गेले तरी ते सदस्याचे स्वतःचे असतेच असे नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा, किंवा पक्षादेश असता मतदान न करणारा, सदस्य अपात्र ठरू शकतो. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये ही अपात्रता सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरती ठेवावी असे सुचविले. किहोतो होलोहन खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पक्षादेशाची व्याप्ती मर्यादित असावी या दिशेने मत दिले. व्यवहारात फारसे काही बदलले नाही. १९९३ पासून कार्यरत असलेल्या विभागांशी संबंधित स्थायी समित्यांत पक्षादेश चालत नाही. तेथे सदस्य काही प्रमाणात स्वतःच्या बुद्धीने बोलतो. पण त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात.

हितसंबंधांचा रकाना :

राज्यसभेची एथिक्स कमिटी मार्च १९९७ मध्ये नेमली गेली आणि तिचे पहिले अध्यक्ष महाराष्ट्राचे शंकरराव चव्हाण होते. या समितीच्या कामातून सदस्यांच्या हितसंबंधांचे नोंदपुस्तक अस्तित्वात आले. त्यात पाच बाबी नोंदवाव्या लागतात : मोबदल्याचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रण ठेवता येईल इतकी भागधारणा, मोबदल्याची सल्लागारी आणि व्यावसायिक काम. निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे आले. पण ते अर्ज भरण्याच्या दिवसाचे चित्र असते. पुढील पाच वर्षांचे त्यात काही नसते.

या पाच बाबी महाराष्ट्राच्या राजकारणाला लावून पाहिल्यास त्यांची उणीव लक्षात येते. येथील लोकप्रतिनिधीचे बळ बहुधा कंपनीच्या समभागांत नसते. ते सहकारी साखर कारखान्यात, जिल्हा बँकेत, दूध संघात आणि शिक्षण संस्थेत असते. सहकारात 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व असल्याने नियंत्रक भागधारणा कागदावर संभवतच नाही. अध्यक्षपदाला वेतन नसेल तर ते मोबदल्याचे पद ठरत नाही. मात्र उसाला तोड कधी मिळणार, कर्ज कोणाला मंजूर होणार, नोकरीची ऑर्डर कोणाच्या हाती पडणार, हे त्या पदावरून ठरते. ज्या नमुन्यात फक्त पैसा मोजला जातो, त्याला ही सत्ता दिसत नाही. लोकसभेचा नियम ३७१ सदस्याच्या मताला हितसंबंधाच्या कारणावरून हरकत घेण्याची मुभा देतो. परंतु तो हितसंबंध प्रत्यक्ष, वैयक्तिक किंवा आर्थिक असावा आणि एखाद्या वर्गाला समान असणारा नसावा, अशी त्याची अट आहे. ऊस उत्पादकांचे हित म्हटले की ते वर्गाचे हित होते आणि हरकतीला जागा उरत नाही.

ब्रिटनमध्ये सदस्यांची मते १८३६ पासून नावानिशी प्रसिद्ध होतात आणि हितसंबंधांच्या नोंदपुस्तकाचा ठराव १९७४ मध्ये झाला. तेथेही सारे निर्मळ आहे असे नाही. दोन कंपन्यांकडून वर्षाला एक लाख पौंडांहून अधिक मोबदला घेणाऱ्या ओवेन पॅटरसन यांनी त्या कंपन्यांसाठी शासकीय यंत्रणांकडे रदबदली केल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी सत्ताधारी पक्षाने त्यांच्या निलंबनाची कारवाई लांबणीवर टाकणारी दुरुस्ती २५० विरुद्ध २३२ मतांनी संमत करून घेतली. दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली आणि पॅटरसन यांनी राजीनामा जाहीर केला. मोबदला नोंदपुस्तकात होता, मते नावानिशी छापली गेली होती. दोन कागद शेजारी ठेवणे कोणालाही शक्य होते.

महाराष्ट्रात हे दोन कागद शेजारी येत नाहीत. सहकारी साखर कारखान्यांना शासन भागभांडवल देते आणि त्यासाठीची तरतूद अर्थसंकल्पाच्या मागण्यांतून विधानसभेपुढे येते. सभागृहात बसलेल्यांपैकी काही जण स्वतः कारखान्याचे अध्यक्ष असतात, काहींच्या घरातील कोणी असते. मागणी मताला टाकली जाते, बाकांवरून 'होय' असा आवाज उठतो, अध्यक्ष ती संमत झाल्याचे जाहीर करतात आणि कामकाज पुढील मागणीकडे वळते.